आधी कापूस, मग क्रूस

आमच्या मंडळीत एखादी बातमी सगळ्यांपर्यंत पोचवायची असेल, तर ती फिटरकाकांना गुपित म्हणून सांगायची. ते आपल्या ओठांकडे टक लावून बघत, मान हलवत आणि मग "असं होय! म्हंजे थोरल्या सुनंला दिवस गेलेत म्हना की!" असं एवढ्या मोठ्यानं म्हणत, की खाली रस्त्यावरचा उसाचा रसवाला चरक थांबवून वर बघे. आपण ओरडतोय हे त्यांना ठाऊकच नसे. तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला स्वतःचा आवाजही लांबून कुठून तरी आल्यासारखा वाटतो, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. तेही ओरडूनच.

मंडळी म्हणजे आमचं छोटं मराठी चर्च. सुरतेच्या उधन्यात एका साडी-फोल्डिंगच्या गाळ्यावर पहिल्या मजल्याचा हॉल आहे, तिथे भरतं. आठवडाभर खाली बायका साड्यांच्या घड्या घालतात. रविवारी गाळा बंद, आणि वर आमची उपासना. कुणी जालन्याकडचे, कुणी नगरकडचे, कुणी माझ्यासारखे नवापूरकडचे. बायकामुलं पुढे, पुरुष मागे. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका, त्यामुळे मंडळीत लिहायचं-वाचायचं जे असेल ते माझ्याकडे येई. सुवार्ता समितीची चिटणीसही मीच होते, आणि त्याचा मला त्या वेळी बराच अभिमान होता.

काका जालन्याकडचे. मिसरूड फुटायच्या आधी सुरतेला आले आणि एका खात्यात लागले. मागांच्या शेडला इकडे खातं म्हणतात. आधी कारीगर, मग फिटर. बिघडलेला माग ते हात लावून ओळखत. कान गेल्यावर तळहातानं ऐकायला शिकले होते. मागाच्या लोखंडावर हात ठेवून डोळे बारीक करत आणि म्हणत, "हिचं डाव्या अंगाला दुखायलंय." माग त्यांच्या लेखी बाईच असे, आणि नेहमी आजारी.

प्रार्थनेत ते डोळे मिटत नसत. आमच्याकडे ही मोठी चूक. पाळकसाहेब "प्रार्थना करू या" म्हणाले की सगळ्यांच्या माना खाली जात, आणि पहिल्या बाकावर बायकांच्या शेजारी बसलेले हे गृहस्थ मान वळवून साऱ्या हॉलवर नजर फिरवत. मी एकदा त्यांना टोकलं. ते म्हणाले, "बाई, कान तर कधीचेच मिटलेत. डोळे बी मिटले तर मी कुठं हाय हे देवाला तरी कळंल का?" पण खरं कारण मला पुढे उमगलं. डोळे उघडे असल्यामुळे प्रार्थनेत कोण रडतं ते फक्त त्यांना दिसे. उपासना संपली की आम्ही एकमेकांना सलाम करत जिन्यापाशी घुटमळायचो. काका मात्र सरळ त्या माणसाकडे जात आणि काही न विचारता त्याच्याबरोबर चालू लागत. कुणाच्या घरी गॅस संपलेला असे, कुणाचा मुलगा घर सोडून गेलेला. सोमवारी त्या घरात काकू डबा घेऊन पोचलेल्या असत.

आणि खिशात कापूस. शर्टाच्या वरच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत सरकीतून नुकताच काढलेला पांढराशुभ्र कापूस. संक्रांतीनंतर गावी जात तेव्हा भावाच्या शेतातला घेऊन येत. सुरतेत आमच्या भोवती रात्रंदिवस कापड विणलं जातं, पण ते सगळं पॉलिस्टरचं. कानात घालायला त्याचा उपयोग नाही. खात्यात नवा कारीगर आला, मग तो खानदेशातला असो, ओडिशातला असो की उत्तर प्रदेशातला, काका पहिल्याच दिवशी त्याचं डोकं धरून दोन्ही कानांत बोळे घालत. लोक हसत. नवखी पोरं ते बोळे काढून फेकून देत. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा घालत.

आमच्या समितीची आणि त्यांची जुंपली ती याच कापसावरून. दरवर्षी आम्ही सुवार्तेची पत्रकं छापत असू आणि उधना स्टेशनबाहेर ती वाटत असू. मजकूर माझा असे. त्या वर्षीच्या बैठकीत काका उभे राहिले आणि म्हणाले, पत्रकं बंद करा, कानात घालायचे चांगले रबरी बोळे आणा.

मी म्हटलं, "काका, मंडळीचं काम देवाचा शब्द पोचवणं आहे. कानाचं काम डॉक्टर करतील."

"शब्द पोचवायचा कुठून?"

"म्हणजे?"

"दारं बंद करून टाकायलेत समद्यांची, अन् तुमी म्हंता घरात पाव्हना जाऊ द्या." मग टेबलावर हात आपटून म्हणाले, "आधी कापूस, मग क्रूस!"

सगळे हसले. यमक जुळलं म्हणून हसले, आणि पत्रकं छापायचं ठरलं. मलाही बरं वाटलं. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात मी शहाण्यांच्या बाजूला नव्हते.

महिन्याभरानं एका रविवारी काकांच्या पहिल्या बाकावर जालन्याहून आलेले कुणाचे तरी पाहुणे बसले होते. काका मागे जाऊन पुरुषांत बसले. पाळकसाहेब आमच्याकडे नवे होते. वय तिशीच्या आत, आवाज उत्तम, आणि ओठ झाकणाऱ्या झुपकेदार मिशा. त्या दिवशी संदेश होता ऐकण्याविषयी. ज्याला कान आहेत त्यानं ऐकावं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मागून काकांना काहीच कळेना, म्हणून ते शेजारच्यांकडे बघू लागले, त्यांना कळतंय का ते पाहायला. शेजारचे हसत होते. पण पुढच्या बायका हसल्यावर, एका श्वासानंतर. माना डोलावत होते, त्याही दुसऱ्याची मान हलल्यावर.

काका उठले आणि मधल्या वाटेनं पुढे आले.

"साहेब, थांबा जरा."

"काका, काही त्रास होतोय का?"

"मला न्हाई. तुमाला व्हायला पायजे."

मग ते पाळकसाहेबांच्या कानाशी लागले. कानाशी म्हणजे पुढच्या चार रांगांना स्पष्ट ऐकू आलं. "प्रार्थना करू या म्हना. समद्यांनी डोळे मिटले की म्हना, ज्याला आज फिटरकाकाच्या घरी कोंबडीचं जेवायचंय त्यानं उभं ऱ्हावं."

पाळकसाहेब गोंधळले, पण तरुण माणूस, भाबडा. त्यांनी हात जोडले. हात जोडलेले दिसले तशा साऱ्या माना खाली गेल्या, मागच्याही. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं. पोरं टुणकन उठली, बायका हसत उठल्या, पाहुणेही उठले. मागे बसलेले अकरा पुरुष डोळे मिटून, माना लववून तसेच बसून राहिले. पाळकसाहेबांचं बोलणं थांबलंसं वाटल्यावर त्यांच्यातला एक जण फार भक्तीनं म्हणाला, "आमेन."

"आता मागं वळा अन् बगा," काका म्हणाले.

आम्ही वळलो. आपले नवरे, भाऊ, दीर तिथे बसले होते आणि जी प्रार्थना झालीच नव्हती तिच्यात माना खाली घालून होते. हसू कुणाच्या तरी तोंडात तसंच अडकलं. एक बाई, तिचा नवरा बावीस वर्षं खात्यात होता, हळूच म्हणाली, "म्हणजे मी एवढी वर्षं घरात बोलते ते कुणाशी?" आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

मग त्या अकरा जणांनी डोळे उघडले. सगळी मंडळी उभी राहून आपल्याकडे बघते आहे असं दिसल्यावर ते घाईघाईनं उठले, चुकलं काहीतरी म्हणून. काका त्यांच्याकडे गेले आणि हातांच्या खुणांनी काय झालं ते त्यांना सांगितलं. खात्यात आवाज ऐकू येत नाही, म्हणून कारीगरांच्या आपल्या खुणा असतात. धागा तुटला, ताण्याचा बीम संपला, चहा आला, शेठ आला. त्या खुणांत त्यांनी सगळं सांगितलं. एकानं मान खाली घातली. काकांनी त्याची हनुवटी वर केली आणि ओरडले, "लाजायचं कामून? कान कामापायी गेलेत, दारूपायी न्हाई गेले!"

पाळकसाहेब व्यासपीठाच्या पायरीवर बसले होते. मी माझ्या बाकावर. माझ्या पिशवीत स्टेशनवर वाटायच्या पत्रकांचा गठ्ठा होता. मी स्टेशनवरच्या अनोळखी माणसांपर्यंत पोचत होते, आणि माझ्याच मंडळीतल्या शेवटच्या तीन बाकांपर्यंत कधी पोचले नव्हते.

त्या दिवशी सगळी मंडळी खरोखरच काकांच्या घरी जेवली. काकूंना अर्थातच कुणी विचारलं नव्हतं. दारात एवढी माणसं बघून त्यांनी काकांकडे पाहून एक खूण केली. ती मी इथे सांगू शकत नाही. मग पदर खोचला आणि शेजारणीकडून पातेली मागवली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब आले ते मिशा काढून. ओठ दिसावेत म्हणून. बसण्याची व्यवस्था बदलली. ज्यांचे कान गेले ते पुढे, ज्यांचे शाबूत ते मागे. आणि काका व पाळकसाहेब दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना खात्याच्या खुणांत बसवायला घेतली. यात भांडणं झाली. 'पित्या' या शब्दापाशीच अडलं, कारण खात्यात मोठ्या माणसाची खूण एकच, हवेत पोट काढून दाखवायचं, म्हणजे शेठ. पाळकसाहेब म्हणाले, "काका, देवाला ढेरी?" शेवटी काकांनी स्वतःचा तळहात स्वतःच्या डोक्यावर ठेवून दाखवला, बाप ठेवतो तसा. रोजची भाकर सोपी होती, जेवणाच्या सुट्टीची खूण. क्षमेसाठी त्यांनी तुटलेला धागा सांधायची खूण घेतली, दोन बोटांत चिमटीनं पीळ दिल्यासारखी. आणि वाइटापासून सोडव याला खात्यातली सगळ्यात मोठी खूण, उजवा हात खांद्यापासून आडवा सपकन कापत न्यायचा. तिचा अर्थ, माग बंद कर. ती खूण कुणीही केली, अगदी झाडूवाल्यानं केली, तरी आधी माग बंद करायचा आणि मग काय झालं ते विचारायचं, असा खात्याचा नियम. कुणाचा हात अडकला असेल, कुणाची ओढणी.

पहिल्यांदा अकरा जणांनी ती प्रार्थना हातांनी म्हटली तेव्हा हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता. त्या दिवशी कुणीच डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर प्रार्थना दिसली नसती.

त्या वर्षी मिशनचे एक साहेब पाहणीला आले. हातात छापील तक्ता. त्यांनी विचारलं, या वर्षी तुमच्या कामातून किती जणांचं परिवर्तन झालं? मी खाली बघू लागले. काकांनी साहेबांचे ओठ वाचले होते. "अकरा," ते म्हणाले.

"वा! कुठल्या समाजातले?"

"आमच्यातलेच. आता बायकोचं ऐकायलेत."

साहेब हसले नाहीत. पण तक्त्यात त्यांनी काहीतरी लिहिलं खरं.

पत्रकं त्यानंतर छापली नाहीत. कानाचे बोळे आणले. आणि काकांनी आणखी एक हट्ट धरला. खात्यातल्या खुणा खात्यापुरत्या, पोटातलं बोलायला त्या पुरत नाहीत. बहिऱ्यांची नीट भाषा असते, ती शिका. शहरात मूकबधिर मुलांची शाळा आहे, तिथल्या एका बाईंकडे दर शनिवारी दुपारी आम्ही चौघी जाऊ लागलो, आणि शिकलेलं रविवारी काकांना नि त्या अकरा जणांना दाखवू लागलो. आमच्या मंडळीनं बाहेर पाठवलेल्या पहिल्या मिशनरी आम्हीच, आणि आमचा परदेश म्हणजे सिटी बसनं अर्धा तास.

याच सुमारास काकांना मनीषा भेटली.

तिचे वडील आप्पा काकांच्याच खात्यात कारीगर, धुळ्याकडचे, राहायला सुरतेतल्याच गोडादऱ्यात. आप्पांना कावीळ झाली म्हणून काका बघायला गेले. कोपऱ्यात बावीस-तेवीस वर्षांची मुलगी साडीच्या मागचे सुटे धागे कापत बसली होती. जन्मापासून बहिरी. शाळेत कधी घातली नव्हती. काका घरात शिरल्या शिरल्या आप्पांची बायको अहिराणीत म्हणाली, "तिले काही समजत नही. खुळी शे." काकांनी तोंडानं दोनदा चहा मागितला, कुणी हललं नाही, मग सवयीनं चहाची खूण केली. मुलगी उठली आणि चहा करून घेऊन आली.

काका ओरडले, "खुळी म्हंता? तिला चहा कळला. तुमाला मी दोनदा मागितला!"

काकांनी आप्पांना गळ घातली, आणि पुढच्याच शनिवारी मनीषा आमच्या वर्गात होती. चौथ्या शनिवारी ती आमच्या पुढे निघून गेली. आम्ही वहीत चित्रं काढून पाठ करत होतो, आणि तिला जणू कुणी तिचीच वस्तू परत देत होतं. घरी जाताना बसमध्ये ती खिडकीबाहेर दिसेल त्याची खूण मला विचारी. पूल, बकरी, भांडण, पाटी. मी थकायचे, ती थकत नसे.

गोडादऱ्यात मात्र कुजबूज सुरू झाली. ख्रिस्ती लोक पोरीला दर शनिवारी कुठे घेऊन जातात? आप्पांचे कुणीतरी कान भरले. एका रविवारी उपासना सुटताना आप्पा जिन्याखाली उभे होते, बरोबर त्यांच्या गल्लीतले पाच-सहा जण. चेहरे काही बरे नव्हते. पाळकसाहेब पुढे झाले तर काकांनी त्यांना मागे सारलं.

आप्पा म्हणाले, "फिटरभाऊ, तुम्ही मानूस चांगला शेतस. पन माले खरं सांगा. पोरले बाटाडशात का?"

काका आप्पांच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं, निदान त्यांच्या मानानं हळू.

"आप्पा, तुमच्या पोरीला आजवर 'न्हाई' म्हनता येतं का?"

"म्हंजे?"

"जिला न्हाई म्हनता येत न्हाई, तिच्या हो ला किंमत काय? तुमच्या देवाला बी न्हाई, माझ्या बी न्हाई. मी तिला आधी न्हाई म्हनायला शिकवायलोय. मग तुमी तिला इचारा, मी बी इचारीन, अन् ती काय म्हंती ते दोघं बी ऐकू. पटत नसंल तर तिच्या आईला वर्गात बसवा. दर शनिवारी. डोळ्यांनी बगू द्या."

आप्पांच्या मागचे लोक काही बोलू लागले, पण आप्पांनी हात वर केला. थोडा वेळ ते जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "बसाडस तिना मायले." आणि वळून गेले.

मनीषाची आई आली. पहिले दोन शनिवार दारापाशी, चप्पल पायातच ठेवून. तिसऱ्या शनिवारी लेकीनं तिला खूण करून विचारलं, तुला भूक लागली का? आईला ती कळली. बावीस वर्षांत लेकीनं आईला विचारलेला तो पहिला प्रश्न. त्या दिवशी त्या बाईनं चप्पल काढली, आत येऊन बसली आणि मग एकही शनिवार चुकवला नाही.

सहा-सात महिन्यांनी आप्पांचा निरोप आला. मनीषाला बघायला पाहुणे येणार आहेत, खात्यातले वडीलधारे म्हणून फिटरभाऊंनी यावं, बाईंनाही आणावं. आम्ही गेलो. मुलगा म्हणजे पन्नाशीकडे झुकलेला विधुर होता, नवागामच्या एका खात्यातला कारीगर, दोन मुलांचा बाप. त्याच्याबरोबर त्याचा चुलता आणि मामा. खोलीत दहा-बारा पुरुष बसलेले, बहुतेक सगळे मागावरचे. पोहे फिरत होते. मनीषा पाण्याचा तांब्या घेऊन आली, सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच तिच्या डोक्यावरून बोलणं सुरू केलं. लग्न कुठे करायचं, कुणी किती माणसं आणायची. पाहुण्यांचा मामा म्हणाला, "बोलत नही हाई त सोनं शे. घर मा भांडन नही." दोघं-तिघं हसले. आप्पाही हसल्यासारखे झाले.

मनीषानं तांब्या खाली ठेवला. ती खोलीच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि तिनं उजवा हात खांद्यापासून आडवा सपकन कापत नेला.

शाळेतल्या बाईंनी शिकवलेली 'नाही'ची खूण वेगळी होती. ही तिनं काकांकडून उचलली होती आणि मुद्दाम निवडली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं. तिला आपल्या बापाशी त्याच्या भाषेत बोलायचं होतं.

खोलीतला प्रत्येक पुरुष थांबला. पोह्यांचा घास हातात, हात तोंडापाशी. पंचवीस-पंचवीस वर्षं त्यांच्या अंगात तो नियम भिनलेला. तो नवरा मुलगासुद्धा बशी धरून तसाच थिजला. फक्त ज्यानं कधी माग चालवला नव्हता तो मामा तेवढा इकडेतिकडे बघत होता.

आप्पा उठले. म्हणाले, "बंद." मग लेकीकडे वळले. खात्यात माग थांबवल्यावर विचारतात तशीच दोन्ही तळहात उताणे करून खूण केली. काय झालं?

जन्मल्यापासून बापानं तिला काही विचारलं नव्हतं. ती बोलू लागली, दोन्ही हातांनी, भराभर. मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी माझा दंड दाबला. भिंतीपाशी उभी असलेली तिची आई पुढे आली होती.

"ती म्हनस," आई म्हणाली, तिचा आवाज चढत गेला, "लगीन नको आसं नही. पन माले कोनी ईचारं नही. माले शिकानं शे, म्हनस. आजून सात-आठच महिना झायात. माले आते त बोलता येवाले लागनं, म्हनस, आन् तुम्ही माले मुकी म्हनीसन दी टाकतस."

मग तो विधुर उठला. त्यानं बशी खाली ठेवली, हात पुसले आणि आप्पांना नमस्कार केला. "पोर नही म्हनस ना? मंग नही." मनीषाकडे वळून त्यानं दोन बोटांची चिमूट करून धागा सांधायची खूण केली. त्याच्याही खात्यात ती होती, आम्ही प्रार्थनेत क्षमेसाठी घेतलेली, तीच. मामा कुरकुरत त्याच्या मागून जिना उतरला.

आप्पा पुन्हा खाली बसले. काका त्यांच्याकडे गेले आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाले की अख्ख्या गल्लीला कळलं, "बगा आप्पा! पोरगी न्हाई म्हनली!" जणू तिला पहिला नंबर मिळाला होता.

काका पुढे खात्यातून सुटले आणि काकूंना घेऊन गावी गेले. अजूनही संक्रांतीनंतर बसच्या ड्रायव्हरबरोबर कापसाचं पोतं येतं. पण ते जायच्या आधीच्या श्रावणातली एक सकाळ मला सांगायची आहे.

खानदेशी घरांत श्रावणात कानबाई देवी बसते. रविवारी तिची स्थापना आणि सोमवारी सकाळी मिरवणूक. मनीषा दरवर्षी त्या मिरवणुकीत नाचते. ती आमच्या उपासनेला कधी आली नाही, आम्ही कधी बोलावलं नाही, काकांनी एकदा विचारलं तेव्हा ती हसून नको म्हणाली होती, आणि तो विषय तिथेच संपला होता. त्या वर्षी आप्पांनी सगळ्या मंडळीला जेवायला बोलावलं. वर बजावलं, "देवीना रोट आमना भाऊबंदकीना, ते तुमले चालावू नही हाई माले माहित शे. तुमनासाठे पुरणना मांडा येगळा." रोट म्हणजे देवीच्या नैवेद्याची जाड पोळी. काका म्हणाले, मांडे दहा खाईन.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. बँड, त्याच्या मागे डीजे, एवढा मोठा की छातीत धडधड होत होती. पाळकसाहेब माझ्या कानाशी काही ओरडत होते, मला अक्षर कळेना. बायका डोक्यावर कानबाई घेऊन फेर धरत होत्या. शेजारी उभ्या माणसाशी कुणाला बोलता येत नव्हतं.

आणि रस्त्याच्या पलीकडे मनीषा उभी होती, हातात फोन. तिनं काकांना हात केला. काकांनी हात केला. आणि एवढ्या गदारोळात, मधून सगळी मिरवणूक जात असताना ती दोघं निवांत गप्पा मारू लागली. जेवलात का? नाही अजून. काकू कुठे? मागे, गुडघा दुखतोय. आमचे अकराही जण त्यात सामील झाले. कुणी विनोद केला, ते हसले. त्या रस्त्यावर ऐकू येणारे आम्ही सगळे मुके झालो होतो.

मग मनीषानं फोन वर धरला, खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी सावकाश सांगितलं. मूकबधिर शाळेतून निरोप आलाय. लहान मुलांच्या वर्गावर मदतनीस म्हणून मला घेतलंय. पुढच्या सोमवारपासून.

मी काकांकडे बघितलं. आता हे ओरडणार असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि बोटं पसरून थरथरवली. बहिऱ्यांच्या भाषेत टाळ्या अशाच वाजवतात. त्यांच्यामागोमाग अकरा जणांचे बावीस हात वर गेले. मग पाळकसाहेबांचे, मग माझे. आप्पांना अजून काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्यांनीही केले. मिरवणुकीत नाचणाऱ्या बायकांना वाटलं ही नाचातलीच काही नवी तऱ्हा आहे, त्यांनीही हात उंचावले, बघता बघता पोरांनी, बँडवाल्यांच्या मागच्या माणसांनी, गॅलरीत उभ्या असलेल्यांनी. गोडादऱ्याचा तो अख्खा रस्ता हात वर करून टाळ्या वाजवत होता, आणि मधोमध येऊन मनीषा त्या सगळ्या ऐकत होती.